मेंढरं एकट्या पाळकाची नाहीत

माती झाल्यानंतर तीन दिवस घर भरलेलं असतं. शेजारून खुर्च्या येतात, कुणीतरी चहाचं पातेलं सांभाळतं, संध्याकाळच्या उपासनेला अंगणात सतरंज्या अंथरल्या जातात. आमच्या चर्चचे पाळकसाहेब संदेश देतात, दोन गीतं होतात, आशीर्वाद होतो. पंधरा दिवसांनी त्याच घरात एक बाई एकटी बसलेली असते आणि तिच्याकडे कुणीही जात नाही. का जात नाही, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे : "पाळकसाहेब जातात ना."

हे उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलं आहे. आज त्याच उत्तराविरुद्ध लिहायला बसलो आहे. ख्रिस्ताच्या मागे चालू लागलेल्या माणसाची वाढ कुठे दिसते, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाची काळजी वाहू लागतो तिथे. आणि आपल्या मराठी मंडळ्यांनी ही वाढ माणसाकडे मागायचंच सोडून दिलं आहे. आपण हजेरी मागतो, वर्गणी मागतो, सणाच्या वेळी स्वयंपाकाला हात मागतो. बाप्तिस्मा झाला, मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून दृढीकरण झालं, प्रभुभोजनाला नाव लागलं की आपल्या लेखी माणूस पोचला. त्यानंतरची चाळीस वर्षं तो त्याच बाकावर बसतो, दर रविवारी चारा घेतो आणि घरी जातो. संदेश बरा झाला की नाही यावर दुपारच्या जेवणात चर्चा होते. त्याला कुणीही विचारत नाही की बाबा, तू कुणाला सांभाळतोस?

येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट आपण सगळे लहानपणी शब्बाथ शाळेत शिकलो. गालील समुद्राच्या काठी येशूने त्याला जाळी टाकताना पाहिलं आणि आपल्या मागे बोलावलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा तोच समुद्र आहे, पुन्हा होडी आहे. मधल्या काळात पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आहे, मी त्याला ओळखत नाही म्हणून, तेही कोळशाच्या विस्तवापाशी ऊब घेत उभा असताना. आता काठावर पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे. येशू आधी सगळ्यांना न्याहारी घालतो. त्यानंतर पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो : माझ्यावर प्रीती करतोस का? आणि प्रत्येक होकारावर एक काम सोपवतो. माझी कोकरे चार. माझी मेंढरे पाळ. माझी मेंढरे चार.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी मला कधी सुटत नाहीत. येशूने पेत्राला तुझं शिक्षण किती, तुला बोलता येतं का, तुझी चूक तू भरून काढलीस का, यातलं काहीच विचारलं नाही. नाकारणाऱ्या माणसाच्या हाती त्याने कळप दिला आणि अट एकच घातली, प्रीतीची. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती संदेशात फारशी ऐकू येत नाही. मेंढरं सोपवून झाल्यावर येशू पेत्राला पुन्हा म्हणतो, "माझ्यामागे ये." पहिल्या भेटीतली हाक शेवटच्या भेटीतही तशीच आहे. म्हणजे मागे चालणं हा पहिला वर्ग आणि सांभाळणं हा वरचा वर्ग, अशी ती शाळा नव्हे. मागे चालता चालताच कडेवर कोकरू येतं. ज्याच्या कडेवर कधीच काही आलं नाही, त्याने आपण नक्की कुणाच्या मागे चाललो आहोत हे थांबून पाहायला हवं, असं मला वाटतं.

बायबलमधलं इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने आपल्या वाचकांना हेच जरा कठोरपणे सुनावलं आहे. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, आणि तुम्हाला अजून दूधच लागतं. आपल्या मंडळ्यांत हे वचन मोठ्याने वाचलं जातं आणि वाचून झाल्यावर सगळे मान डोलावतात.

महाराष्ट्रात या वाढीचं सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं गेली. त्या मधल्या वर्षांत त्या थांबून राहिल्या नव्हत्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं, विधवा मुली शिकू लागल्या. म्हणजे सेवा आधीपासून होती आणि विश्वास मागाहून खोल गेला. माणसाची वाढ अशी आडवीतिडवी होते. आधी पूर्ण परिपक्व होऊ, मग दुसऱ्याकडे बघू, असं म्हणत बसणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

१८९६ सालच्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना ठेवायला पुण्यात जागा नव्हती, म्हणून केडगावच्या माळावर मुक्ती हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहिलं. रमाबाई स्वतः दुष्काळातून वाचलेल्या होत्या. १८७०च्या दशकात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले होते, रानोमाळ हिंडून त्यांनी झाडपाला खाल्लेला होता. भूक म्हणजे काय हे त्या केडगावला शिकल्या नाहीत, तिथे बरोबर घेऊन गेल्या. मला मात्र याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ज्या मुली हाडांचे सापळे होऊन मुक्तीत आल्या, त्याच काही वर्षांनी तिथे शिकवू लागल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागल्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, अंध बायकांना ब्रेल शिकवली. १९०५ साली आसपासच्या गावांत जायला कोण तयार आहे असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा तीस तरुणी उभ्या राहिल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं. १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते पूर्ण होऊन बाहेर आलं. त्यातले खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचे होते. सांभाळलेल्यांना रमाबाईंनी आयुष्यभर सांभाळून घेण्याच्या जागी बसवून ठेवलं नाही. त्यांच्या हाती काम दिलं, आणि कामाबरोबर माणसं दिली.

इथे एक शंका येणार, आणि ती ख्रिस्तेतर वाचकाकडून आली तर मला तिचा राग नाही. तुमची ही काळजी म्हणजे धर्मांतराचं जाळं तर नव्हे? हा प्रश्न १८९३ साली शारदा सदनाच्या वेळी पुण्यात उघडपणे विचारला गेला आणि तेव्हापासून तो थांबलेला नाही. त्याला उत्तर द्यायचं तर मी नगरच्या टिळकांच्या घराकडे बोट दाखवीन. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पाच वर्षं गेली, ताटातूट झाली, दोघांनी सोसलं, आणि त्या ख्रिस्ताकडे आल्या तेव्हा स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पायांनी आल्या. पुढे याच घरात बालकवी ठोंबरे राहिले. टिळक दांपत्याने त्यांना पोटच्या मुलासारखं वागवलं, त्यांच्या कवितेला जपलं, त्यांच्या मनाच्या चढउतारांना जपलं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घरातलं त्यांचं पान कमी झालं नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. आत्मिक काळजी कशी असावी याचं माप मला या घरात मिळतं. ताट वाढताना हिशेब मांडायचा नाही. जो समोर बसला आहे त्याला ख्रिस्त आपल्यातून दिसला तर दिसो, पण त्याने पाहिलंच पाहिजे म्हणून त्याच्या मानेवर हात ठेवायचा नाही. भुकेल्याच्या भुकेचा सौदा ज्यांनी केला असेल त्यांनी ख्रिस्ताचंच नुकसान केलं, हे आपण ख्रिस्ती लोकांनी आधी म्हणायला हवं.

आता जवळचं सांगतो. आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती, खाकी वेष्टण घातलेली. दर पानावर वर एक नाव, खाली तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एक ओळ. दर गुरुवारी दुपारी त्या दोन घरं करायच्या. एकदा मी फार आग्रह केला तेव्हा त्यांनी एक पान दाखवलं, पण वरच्या नावावर तळहात ठेवून. खालच्या ओळी मी वाचल्या. "बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, बोलल्या नाहीत." "दोन घास जेवल्या." "मुलाच्या फोनचं विचारू नये." "कपाट उघडून त्यांचे शर्ट दाखवले." काही ओळींच्या शेवटी 'प्रा.' असं लिहिलेलं होतं, पुष्कळ ओळींच्या शेवटी नव्हतं. मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रार्थना केली त्या दिवशीचं ते. त्यांनी म्हटलं तर करते. नाहीतर घरी येऊन करते."

मी ती ओळ विसरू शकत नाही, कारण त्याच सुमारास मी नेमकं उलटं वागलो होतो. माझ्या एका मित्राची कंपनी बंद पडली. दोन मुलं शाळेत, घराचा हप्ता चालू. मी बायबल घेऊन त्याच्याकडे गेलो, पाच मिनिटांत रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे वाचलं, प्रार्थना केली आणि निघालो. आपण सेवा करून आलो असं मला वाटत होतं. काही महिन्यांनी तो म्हणाला, "त्या दिवशी मला तुझ्याशी बोलायचं होतं. तुझं वाचन संपलं आणि तू उठलास." वचन खरंच होतं. मी ते ढालीसारखं पुढे धरलं होतं, त्याचं दुःख माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून. अनुयायी असणं आणि काळजी वाहणं यांतलं अंतर मला त्या दिवशी कळलं. अनुयायाला वचन पाठ असतं. काळजी वाहणाऱ्याला ते कधी काढायचं आणि कधी खिशात ठेवायचं हे कळावं लागतं, आणि ते कुणाच्या तरी बरोबर चार घरं हिंडल्याशिवाय कळत नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप पाळकांकडूनच येतो. एका पाळकांनी मला स्पष्ट सांगितलं, तुम्ही सगळ्यांना घरोघर पाठवाल आणि मंडळीत गावगप्पा वाढतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. प्रार्थनासभेत काय होतं हे आपल्याला माहीत आहे. "त्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी असं असं चाललंय," म्हणून जे सांगितलं जातं ते रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरून तिच्या माहेरी पोचतं. प्रार्थनेच्या नावाने केलेली ही चहाडी आहे आणि तिच्यामुळे कितीतरी माणसांनी मंडळीत तोंड उघडायचं सोडलं. दुसरं भय मालकीचं. थोडं वचन आलं, दोन माणसं ऐकू लागली, की माणसाला गुरू व्हावंसं वाटतं. मग तो लग्नं ठरवतो, कुणाशी बोलायचं ते ठरवतो, औषध बंद करून विश्वास धरायला सांगतो. अशा घरसभांतून उद्ध्वस्त होऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

तरीसुद्धा या भयाचा उपाय माणसांना बाकावर बसवून ठेवणं हा होऊ शकत नाही. पेत्राने म्हातारपणी मंडळ्यांच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना लिहिलं त्यात उपाय आहे : कळपावर धनीपण करू नका, कळपाला कित्ते व्हा. कित्ता हा शब्द मला फार आवडतो. कित्ता देणारा विद्यार्थ्याच्या हातातून पेन्सिल काढून घेत नाही. तो वळणदार अक्षर काढून ठेवतो आणि बाजूला बसतो. शिवाय मेंढरं 'माझी' आहेत असं येशू तिन्ही वेळा म्हणाला, तुझी म्हणाला नाही. ज्याला हे पाठ आहे तो कुणाचा मालक होत नाही. बाकी नियम साधे आहेत आणि ते आधीच सांगून ठेवता येतात. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, प्रार्थनेतूनसुद्धा नाही. शक्यतो दोघांनी जायचं. पैशाचा व्यवहार करायचा नाही. झोप उडालेली, जीव नकोसा झालेला माणूस दिसला तर त्याला डॉक्टरकडे न्यायचं, गोळ्या बंद करायला सांगायचं नाही. बाईला घरात मार बसत असेल तर तिला सोस म्हणून परत पाठवायचं नाही, तिला आसरा द्यायचा आणि ती म्हणेल तर पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर जायचं. लेकराशी वाईट वागणं झालं असेल तर मंडळीची अब्रू आड येऊ द्यायची नाही, तक्रार करायचीच. एवढं न शिकवता माणसं पाठवणं धोक्याचं आहे, हे मी पाळकसाहेबांना मान्य करतो. मग शिकवू या. वर्षातले चार रविवार यासाठी काढले तर काय बिघडेल?

आणि पाळकांचीही एक बाजू आहे, ती ते स्वतः बोलत नाहीत. खेड्यापाड्यांत एकेका पाळकाकडे कितीतरी गावं असतात. मोटारसायकलवर रविवारी तीन ठिकाणी उपासना, मध्ये लग्न, मध्ये माती, आठवड्यात कमिटीच्या बैठका आणि जागेच्या खटल्याची तारीख. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो म्हणाला होता की तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम, असा सल्ला त्याने दिला. आपण मोशे नेमला आणि इथ्रोचं ऐकायचं राहून गेलं. पाळक स्वतः रडायला कुणाकडे जातात, हे तर आपण कधी विचारलेलंच नाही.

दहाबारा घरांमागे एक माणूस, ही कल्पना नवी नाही. मेथडिस्ट मंडळी पुण्या-मुंबईत जुनी आहे, तिच्याच इतिहासात याचं सुरेख उदाहरण आहे. १७४२ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला प्रार्थनामंदिराचं कर्ज फेडायचं होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं. गरिबांना तेही जमणार नाही, असं कुणी म्हणालं. तेव्हा एक जहाजी कप्तान उठला आणि म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांच्याकडे दर आठवड्याला मी जाईन, जे देऊ शकणार नाहीत त्यांचं मी भरीन. बाकीच्यांनीही असे अकरा-अकरा जण वाटून घेतले. पेनी गोळा करायला दारात गेल्यावर घरात काय चाललं आहे ते दिसू लागलं. कुठे दारू, कुठे भांडण, कुठे आजार. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या ध्यानात आलं की आपल्याला जे हवं होतं ते हेच. कर्जवसुलीतून आत्मिक काळजीची व्यवस्था उभी राहिली, आणि ती चालवणारे दीक्षित पाळक नव्हते, साधे सभासद होते. आपल्याकडेही वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन माणसं दारोदार जातातच. फक्त ती पायरीवरून परत फिरतात.

शहरात गेलेल्या तरुणांची गोष्ट वेगळी नाही. पिंपरी-चिंचवडला, ठाण्याला खोली घेऊन राहणारी आपली मुलं मोठ्या सभागृहातल्या उपासनेला जातात, वाद्यवृंद उत्तम असतो, संदेश मोबाइलवर पुन्हा ऐकता येतो. तिथे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असतं? तापाने चार दिवस पडून राहिलेल्या मुलाला खिचडी आणून देणारा कुणी तिथे नसेल, तर त्या मुलाने ख्रिस्ताबद्दल ऐकलं खूप, पण ख्रिस्त त्याच्या दारापर्यंत आला नाही. आणि त्याच मुलाच्या शेजारच्या खोलीत आणखी एक जण तापलेला असतो. त्याच्याकडे जाण्याइतका तो स्वतःही मोठा झालेला आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

सिस्टरबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. वही त्यांनी मरणाआधी जाळायला लावली. त्यातली नावं मात्र त्यांनी तोंडी दोघींना सांगून ठेवली होती. शेवटची तीन वर्षं या दोघींना त्या आळीपाळीने आपल्याबरोबर नेत असत. एक बँकेत आहे, दुसरी शाळेत शिकवते. दोघींनी आता स्वतःच्या वह्या केल्या आहेत.

येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. दृढीकरण झालेल्या प्रत्येक तरुण-तरुणीने पहिलं वर्षभर मंडळीतल्या एका जाणत्या माणसाबरोबर महिन्यातून दोन घरं करावीत, आणि वर्षाच्या शेवटी त्यांच्या हाती एक घर सोपवावं. सभासदांची यादी दहा-दहा घरांत वाटावी. पाळकसाहेबांचं घर त्यात धरावं. जमाखर्चाचा अहवाल वाचण्याआधी सभेला एवढंच विचारावं की या वर्षी कुणाकडे जायचं राहिलं. नावं जाहीर करायची नाहीत, संख्या सांगायची. यादी मी आणि त्या दोघी मिळून करतो आहोत. गावातली घरं वाटून झाली. कारखान्याच्या पलीकडे वस्तीवर दोन घरं आहेत, तिथे एसटी जात नाही आणि पावसाळ्यात ओढा आडवा येतो. ती दोन घरं अजून कुणाच्याच नावापुढे लिहिलेली नाहीत.